भिंगरी आजीचं श्रुतलेखन

भिंगरी आजीनं येरझारे सरांच्या डोक्यात पाटी घातली, ही बातमी मी चार तोंडांनी ऐकली आहे आणि चारही तोंडं करून दाखवू शकते. शाळेचा शिपाई आधी डावीकडे बघायचा, मग उजवीकडे, आणि मग फुटकी पाटी त्याच्याच खिशात असल्यासारखा पुटपुटायचा, "पाटीचे दोन तुकडे. सर कसेबसे एक." कॅन्टीनच्या मावशी प्रत्येक वाक्याला "मी म्हणत नाही हं, लोक म्हणतात" अशी शेपूट लावायच्या. आमच्या वर्गातल्या जाड्यानं त्यात रक्त घातलं. माझ्या आईनं रक्त पुसलं, पण टाके घातले. आणि शेवटी चौघंही एकच सांगायचे. बाईला शिवणाच्या वर्गातून हाकललं, कॉम्प्युटरच्या वर्गातून हाकललं, आता अक्षरांच्या वर्गातूनही हाकलणार, या वयात कशाला नसते धंदे.

खरं सांगायचं तर त्या वर्गात पाट्या नाहीतच, वह्या आहेत. रक्त नाही, टाके नाहीत. झालं एवढंच की सर फळ्याकडे तोंड करून बोलत होते. आजी उठली, त्यांच्या मागे गेली, दोन्ही खांदे धरले आणि कपाट सरकवावं तसं त्यांना वर्गाकडे फिरवलं. मग जागेवर येऊन बसली. सर पुढचं वाक्यच विसरले. आणि हाकललं म्हणाल, तर आधीच्या दोन्ही वर्गांतून तिला कुणी हाकललं नव्हतं. तिनंच सोडले होते. का सोडले, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या शाळेत मुलं घरी गेली की मोठ्यांचा वर्ग भरतो. ज्यांची शाळा राहून गेली असे आजी-आजोबा त्याच बाकांवर गुडघे कोंबून बसतात. यंदा मुख्याध्यापिकांनी टूम काढली की नववीतल्या प्रत्येकानं एकेका आजी-आजोबांशी जोडी जमवायची. आपण त्यांना अभ्यासात मदत करायची, त्यांनी आपल्याला त्यांचं काहीतरी शिकवायचं. जाड्याला आचारी आजोबा मिळाले आणि तो सुरीला धार लावायला शिकला. एकीला पोस्टमन आजोबा मिळाले. मी त्या दिवशी उशिरा पोचले, तोवर कुणालाच नको असलेली भिंगरी आजी तेवढी उरली होती.

भिंगरी हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचे डोळे चांगले असणार. ती बसलेली असली तरी बसलेली वाटत नाही. पाय बाकाखाली चालत असतात. मान या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर, दारावर, खिडकीवर, परत. कुणी खोकलं तरी ती खोकणाऱ्याकडे बघत नाही, पण कुणी बोलायला तोंड उघडलं की शब्द बाहेर पडायच्या आत तिची मान तिकडे वळलेली. कापडाच्या कारखान्यात तिनं जन्म काढला. एकेका बाईकडे कितीतरी माग. या मागावरचा धागा तुटला, पळ. त्या मागाचा धोटा अडकला, पळ. "मला बसायला शिकवलंच नाही कुणी," ती म्हणायची, "ते पण शिकवतेस का?" आवाज असा की व्हरांड्यातली कबुतरं उडावीत.

आणि समोर येरझारे सर. हे काही त्यांचं आडनाव नाही, पण खरं आडनाव आता त्यांच्या घरीच वापरत असतील. सर एका जागी थांबून शिकवूच शकत नाहीत. दार ते खिडकी, खिडकी ते शेवटचा बाक, मग फळा, बोलणं सतत चालू, हात पाठीशी. वर मिशी अशी दाट की वरचा ओठ आहे की नाही हा आमच्या शाळेतला जुना वाद. त्यांचा आवाज मी सहावीपासून काढते. "मागच्या बाकावर कोण बोलतंय? उभं राहा. बसा. कोण बोलत होतं?" याला सगळ्या शाळेत हुकमी हशा.

तर एकदा मोठ्यांच्या वर्गाच्या मधल्या सुटीत सगळे आजी-आजोबा नळावर पाणी प्यायला उभे होते. मी मागून सरांचा आवाज काढला. पोस्टमन आजोबा दचकून ताठ झाले. आचारी आजोबांनी पेला लपवला, का ते त्यांनाच माहीत. फक्त आजी सावकाश पाणी पीत राहिली. मी अजून मोठ्यानं काढला. ढिम्म. तेवढ्यात खरे सर जिन्यावर दिसले, म्हणून मी आवाज बंद केला, पण छाती बाहेर आणि तोंड चालूच ठेवलं. त्याच वेळी आजी वळली. तिनं माझं नुसतं हलणारं तोंड पाहिलं आणि पाणी नाकात जाईपर्यंत हसली.

आता माझं तोंड आपोआप मिटलं.

"काय बघतेस?" ती म्हणाली.

मी आवाज न करता, फक्त ओठांनी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"नाही येत. आणि दात घास नीट."

मग मला बाजूला ओढून, तिच्या मते हळू आवाजात, म्हणजे निम्म्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाली, "कुणाला सांगितलंस तर तुझी जीभ मागावर चढवीन."

मागांनी तिचे कान नेले होते. माग सुरू झाले की स्वतःची शिंक ऐकू यायची नाही, म्हणून तिथल्या सगळ्या बायका ओठांवरूनच बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला विचारायची, भाजी काय केलीस. मुकादमाला ते वाचता यायचं नाही. "त्याच्या पुढ्यात उभं राहून आम्ही त्याचं लग्न लावलं, मोडलं, परत लावलं," आजी सांगायची. "तो म्हणायचा, बायका सारख्या काय चघळतात."

तिथे सगळ्याच बहिऱ्या, म्हणून कुणीच बहिरी नव्हती. कारखाना सुटल्यावर पंचाईत झाली. शिवणाच्या बाई बोलताना ओठांत टाचण्या धरायच्या. कॉम्प्युटरचा मुलगा पाठीमागे उभा राहून खांद्यावरून सांगायचा. आणि इथे हे सर, एक डोळा दारावर, एक फळ्यावर, तोंडावर झाडी. म्हणजे ते खांदे धरून फिरवणं हे तिच्या लेखी भांडण नव्हतंच. कारखान्यात पाठमोऱ्या बाईशी बोलायचं असेल तर तिला असंच फिरवायचे. कुणाला राग यायचा नाही. सरांना आला. "आजी," त्यांनी बजावलं होतं, "पुन्हा माझ्या अंगाला हात लावलात, तर या वर्गात तुमचा शेवटचा दिवस."

"मग सांगून टाका ना त्यांना," मी म्हटलं.

"तू माझ्या घरी ये," ती म्हणाली.

मी गेले. घर नीटनेटकं, माणसं चांगली. मुलगा बस चालवतो, सून हसतमुख. सगळे टेबलाशी चहा पीत होते. मुलानं डेपोतला काहीतरी किस्सा सांगितला आणि सून इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. मीही हसले. आजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, पण सगळे एकदम बोलत असले की ती पोचेपर्यंत वाक्य दुसऱ्याकडे गेलेलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही गं आई," मुलगा ओरडला. प्रेमानंच ओरडला. "जाऊ दे."

आजी उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. नंतर तिनं मला खणातलं कानाचं यंत्र दाखवलं. ते लावलं की म्हणे सगळं ओरडतं, भांडी, दार, पंखा, पण बोलत कुणीच नाही. मग खण बंद करून म्हणाली, "बघितलंस ना? यांना माहीत आहे. ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून माझ्या वाटणीला नुसतं 'जाऊ दे'. तो मिशीवाला मला रागावतो, पण पूर्ण वाक्यात रागावतो."



तिला नुसती अक्षरं नको होती. शाळेच्या वरच्या मजल्यावर कापडाच्या नक्षीचा वर्ग चालतो. चौकटीच्या कागदावर नक्षी कशी काढायची, ती मागावर कशी चढवायची, ते तिथे शिकवतात. तिथे बाई सांगतात आणि आपण उतरवून घ्यायचं, म्हणून आमच्या वर्गाचं श्रुतलेखन पास झाल्याशिवाय वर घेत नाहीत. आजी रोज येताना त्या दारापर्यंत जिना चढून जायची, काचेतून बघायची आणि खाली यायची. "जन्मभर दुसऱ्यांची फुलं विणली," ती म्हणायची. "काय ती फुलं. पाकळ्या अशा सुजलेल्या की फुलाला डॉक्टरकडे न्यावं. मी कधी बोलले नाही, विणत गेले. एक तरी फूल मला माझं काढायचंय." श्रुतलेखनात नापास झालं की पुन्हा पहिल्या अक्षरापासून वर्षभर याच बाकावर. आणि बाकावर बसणं तिला किती जमतं ते सांगितलंच.

तर आम्ही कामाला लागलो. शाळा सुटल्यावर, सरांचा वर्ग भरायच्या आधी. मी म्हटलं, मी सर होते. मी आवाज काढला, हात पाठीशी घेतले, चालले.

आजीनं डोकं हलवलं. "आवाज कसा आहे मला काय माहीत. पण हे तोंड तुझंच आहे. सर कुठे आहेत यात?"

"म्हणजे?"

"तू लोकांचे आवाज चोरतेस. तोंडं चोरायला शीक."

हे मला लागलं. इतकी वर्षं मी स्वतःला पोचलेली समजत होते आणि माझा ऐवज निम्माच होता. मग मी सरांकडे कान बंद करून बघायला लागले. खरोखरच बोळे घालून. तेव्हा दिसलं की सरांचा खालचा ओठ एकटाच राबतो. वाक्य संपताना हनुवटी वर जाते. अवघड शब्दाच्या आधी गळ्याची घाटी एकदा खाली जाऊन येते, विहिरीतून बादली काढल्यासारखी. आजीनं काळ्या सुताचा एक झुपका माझ्या नाकाखाली बांधला. मी मिशी लावून, आवाज न काढता, बाकांमधून फिरत शब्द सांगायचे आणि ती लिहायची. चुकले की ती मला शिकवायची. "जिभेनं नको, गालानं बोल. हां. आता एका बाजूनं दिसू दे." काही दिवसांत ती नुसत्या डाव्या गालावरून वाक्य उचलायला लागली. प, ब, म हे ओठांवर सख्खे भाऊ, पण मागच्या-पुढच्या शब्दांवरून ती त्यांना बरोबर घरी पोचवायची. एकदा शिपाई दारातून डोकावला. मिशीवाली मुलगी मुक्यानं येरझारा घालतेय आणि आजी भराभर लिहितेय. दुसऱ्या दिवशी नवीन बातमी, आजी मुलीला मंत्र शिकवते.

अडलं एकाच जागी. सर पाठमोरे झाले की संपलं. डोक्याच्या मागच्या बाजूला गाल नसतो. आणि सर निम्मा वेळ पाठमोरेच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही जिन्यावर बसलो होतो. म्हणजे मी बसले होते, ती वरखाली करत होती.

"उद्या मी खिडकीत उभी राहते," मी म्हटलं. "सर वळले की मी त्यांचं वाक्य ओठांनी सांगेन. कुणाला कळणार नाही. तुमचा मुकादम होता तसे सगळे मुकादम आहेत इथे."

"नको."

"का?"

"मग पास तू होशील."

"मग त्यांना सांगा."

"नाही."

"मग नापास व्हा."

ती दोन पायऱ्या खाली आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उर्मट बोलले होते, पण तोंड फिरवलं नाही. तिच्याशी बोलताना तोंड फिरवायचं नसतं एवढं मला कळत होतं.

"तुम्ही सांगणार नाहीच," मी म्हटलं. "मरून जाल पण सांगणार नाही. पैज लावा."

"कशाची?"

"सांगितलंत तर मी एक अख्खा दिवस आवाज काढणार नाही. घरात, वर्गात, कुठेच. फक्त ओठांनी बोलेन. नाही सांगितलंत, तर तुम्ही एक दिवस ते यंत्र लावून बसायचं."

"बसायचं पण?" ती म्हणाली. "दोन शिक्षा झाल्या की गं." पण हात पुढे केला. तळवा लाकडासारखा.

मला वाटलं, जिंकलेच. अन् जिंकले असते तर मला वाईट वाटलं असतं, हेही तेव्हाच ठाऊक होतं. तरी पैज लावलीच. जीभ वळवळते, काय करणार.

परीक्षेला आम्हा मुलांना आत घेतलं नाही. आम्ही व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना चिकटून. सरांनी कागद घेतला, घसा साफ केला आणि चालायला लागले. पहिलं वाक्य दारापासून फळ्यापर्यंत. आजीला गाल दिसत होता, पेन्सिल चालू. दुसरं वाक्य फळ्यापासून खिडकीपर्यंत, तोंड समोर, उत्तम. तिसऱ्याला सर खिडकीपासून शेवटच्या बाकाकडे निघाले. ते तिच्या पुढे गेले आणि आता होती नुसती पाठ. पेन्सिल थांबली. बाकाखालचे पाय थांबले. ते मी आजवर कधी थांबलेले पाहिले नव्हते.

तिची मान गर्रकन वळली. पोस्टमन आजोबांकडे, दाराकडे, खिडकीकडे. माझ्याकडे. मी काय केलं विचारू नका. माझे ओठ आपणहून हलले. गालानं, स्वच्छ, तिसरं वाक्य.

तिनं डोळे मिटले. घट्ट, लहान मुलं औषध नको म्हणताना मिटतात तसे. मग उघडले ते माझ्याकडे न बघता, आणि ती उठली.

वर्गाला कळलं आता काय होणार. सरांना आधी कळलं. त्यांनी कागद छातीशी धरला, पाठ भिंतीला लावली आणि दोन्ही खांदे आत ओढून घेतले. "आजी," ते म्हणाले, "मी सांगितलं होतं."

आजी त्यांच्यापासून एका बाकावर थांबली. हात पदरात गुंडाळून घेतले होते, चुकून पुढे जायला नकोत म्हणून.

"मास्तर, मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. कारखान्यातला आवाज. व्हरांड्यातली कबुतरं गेली. "मी तोंड बघून लिहिते. तोंड माझ्याकडे करून बोला."

जाड्यानं माझ्या दंडाला चिमटा काढला, तो अजून निळा आहे. मी आजीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती सरांच्या ओठांकडे टक लावून होती, आणि ती कशाची वाट बघतेय ते मला माहीत होतं. तिच्या घरच्या त्या दोन शब्दांची. सर ते म्हणणार आणि ती पुन्हा कधी शाळेत येणार नाही.

सरांच्या घशातली घाटी खाली गेली आणि वर आली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" ते म्हणाले.

"तुम्ही थांबलात कधी?"

मागून पोस्टमन आजोबांनी हात वर केला. "सर, उजव्या कानानं मलाही नाही येत. तुम्ही दाराकडे गेलात की माझं वाक्य जातं."

"मला दोन्हींनी येतं," आचारी आजोबा म्हणाले, "पण कमी. मी यांचं बघून लिहितो."

"कुणाचं?"

"पोस्टमनचं."

पोस्टमन आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. "अहो, मी तुमचं बघतोय."

वर्ग फुटला. हसण्यात आणखी एक-दोन हात हळूच वर झाले. सर फळ्याशी गेले, वर्गाकडे तोंड केलं आणि उभे राहिले. आता या माणसाला उभं राहता येतं का, तर येत नाही. वजन या पायावर, मग त्या पायावर, गुडघे वाकताहेत, बूट घासताहेत. पण जागा सोडली नाही. "पहिल्यापासून घेतो," ते म्हणाले. एक वाक्य सांगून थांबले, आजीकडे पाहिलं. तिनं स्वतःच्या नाकाखाली बोट आडवं धरून वर उचललं. सरांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी दोन बोटांनी मिशी उचलून धरली आणि अख्खं श्रुतलेखन तसं सांगितलं. वरचा ओठ आहे. शाळेतला जुना वाद मिटला.

कागद त्यांनी तिथेच तपासले. आजीच्या कागदावर लाल खुणा होत्या, कमी नव्हत्या. मी गजात नाक घालून सरांची हनुवटी बघत होते. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले, सरळ, तोंडासमोर तोंड, आणि तिच्यासाठी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सोमवारपासून. वरच्या. वर्गात."

सोमवार. भिंगरी आजीला सोमवार सांगून काय उपयोग. ती माझ्या शेजारून गेली ती थेट जिन्यावर, गुडघे कुरकुरत होते तरी. आम्ही खाली उभे. वरचं दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी "काय हवंय आजी?" असं विचारल्याचा आला, आणि मग तिचा आवाज, सगळ्या इमारतीला पुरेल एवढा, "मला ऐकू येत नाही. तोंड इकडे करा आणि मग सांगा, पाकळी कुठून सुरू करायची."

थोड्या वेळानं ती कठड्यावरून वाकली. खाली सगळी गर्दी, पण ती माझ्याकडेच बघत होती. आवाज न काढता, गालानं, अगदी स्वच्छ म्हणाली, "हरलीस."

"उद्या," मी तोंड उघडून म्हटलं. "उद्या सकाळपासून."

तिनं मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खालची फरशी दाखवली. आत्ता.

जाड्या विचारत होता, कशात हरलीस, काय झालं, सांग ना. मी त्याच्याकडे नीट तोंड केलं, गाल ताणले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्याला एक अक्षर कळलं नाही.